भाच्याला ट्रायलचं औषध द्यायचं का? रात्री आठपर्यंत सही करायची आहे

मंडळी, ताईचं सीझर आज पहाटे झालं, नाळेचा वेढा होता, बाळ रडलंच नाही. बराच वेळ पिशवीने श्वास दिला म्हणे. तालुक्याहून इथे एनआयसीयूत (नवजात बाळांच्या आयसीयूत) आणेस्तोवर नऊ तास गेले, आणि जन्मताना मेंदूला ऑक्सिजन कमी पडला की बाळाचं अंग थंड ठेवायची जी ट्रीटमेंट असते (७२ तास, ३३.५ डिग्रीला) ती सहा तासांच्या आत चालू करावी लागते, त्यामुळे ती राहिली. एक झटकाही (फिट) येऊन गेलाय.

आता डॉक्टर म्हणतात एरिथ्रोपोएटिनची ट्रायल चालू आहे, घेता का. नाव वाचून मी चाटच पडलो, कारण आमच्या बाबांना डायलिसिसमुळे रक्त वाढायला हेच इंजेक्शन लागतं, घरी फ्रिजमध्ये दह्याच्या पातेल्याशेजारी असतं. ते मेंदूला कसं काय चालणार? दाजी सही करायला तयार, ताईच्या सासूबाई म्हणतात आमच्या लेकरावर प्रयोग नको, आणि सगळे बघतायत माझ्याकडे कारण मी बीएस्सी (केमिस्ट्री हो, तीही दहा वर्षांपूर्वी). फॉर्म अकरा पानी, मराठीतच आहे पण 'यादृच्छिक' म्हणजे काय ते मराठीत कळेना.

नेटवर अमेरिकेतली २०२२ ची हील ट्रायल सापडली, ५०० बाळं, याच औषधाचा फायदा दिसला नाही, उलट गंभीर त्रास थोडे जास्तच. मग इथे परत कशाला? डॉक्टरांना काय विचारू?

प्रतिसाद: दादा, मी एनआयसीयूत सिस्टर होते. यादृच्छिक म्हणजे चिठ्ठी टाकल्यासारखं, बाळ कुठल्या गटात जाणार, औषधाच्या की बिनऔषधाच्या, ते कॉम्प्युटर ठरवतो, डॉक्टर नाही. हीलमधल्या सगळ्या बाळांना थंड ठेवलेलं होतं, तुमचं नाही, म्हणून ते उत्तर जसंच्या तसं लागू होत नाही. पण म्हणून इथे गुण येईलच असंही धरू नका. सीटीआरआय नंबर (भारतातल्या ट्रायल्सच्या सरकारी नोंदणीचा) मागा. नको म्हटलं तरी झटक्यांची औषधं, बाकी ट्रीटमेंट तीच राहणार ना, ते विचारा. ट्रायलमुळे त्रास झाला तर उपचार फुकट करावे लागतात, तो परिच्छेद शोधा. मधेच बाहेरही पडता येतं. आणि ताईला विचारलं का कुणी?

धागाकर्ता: नाही हो. ती तिकडेच अॅडमिट आहे, तिला बाळ बरंय एवढंच सांगितलंय. लावतो फोन.