आधी नेमकं काय पडतंय ते बघा

दादा, पाऊस सुरू झाल्यापासून विहिरीचा पंप पाचेक मिनिटं चालतो आणि एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप बंद होणारा स्विच) पडतो, म्हणून वायरमन १६ अँपियरचा काढून ३२चा टाकू म्हणतोय, असं तुम्ही लिहिलंत. तेवढं मात्र करू देऊ नका. एमसीबी पडायचा थांबेल आणि वायर जळेल.

वर बहुतेकांनी मोटर रिवाइंड करायला (वाइंडिंग, म्हणजे आतली तार, नव्याने गुंडाळायला) सांगितलंय. घाई नको. कळव्याला आमच्या घरामागच्या विहिरीत १ एचपीची सिंगल फेज सबमर्सिबल (पाण्यात बुडालेली) मोटर आहे, तिचंही असंच चाललं होतं. स्टार्टरचा डबा उघडला तर रन कपॅसिटर (मोटर नीट चालावी म्हणून जोडलेला, वीज साठवणारा भाग) पुरीसारखा टम्म फुगलेला! तेवढाच बदलला, काम झालं. (मेन बंद केल्यावरही कपॅसिटर झटका देतो, तेव्हा स्वतः हात घालू नका.)

वायरमनकडे टाँग टेस्टर (वायरभोवती चिमट्यासारखा लावून करंट मोजायचा मीटर) असेलच. १ एचपीला चालू पंपावर साधारण ६ ते ८ अँपियर दिसायला हवेत. जास्त असतील तर कपॅसिटर, कमी व्होल्टेज किंवा इंपेलरमध्ये (पाणी ढकलणाऱ्या चक्रीत) अडकलेला गाळ. पावसात विहीर गढूळ होतेच. बटण दाबताक्षणी पडत असेल तर केबल किंवा वाइंडिंग शॉर्ट.

आणि पडणारा एमसीबी नसून शेजारचा टेस्ट बटणवाला आरसीसीबी (करंट बाहेर गळला की पडणारा स्विच) असेल, तर गोष्टच वेगळी. उन्हाळ्यात कोरडा राहणारा केबलचा जॉइंट आता पाण्याखाली गेला असणार. ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन किती शाबूत आहे ते मोजायच्या मीटरने) तपासा. १ मेगओहमच्या खाली आलं तर पंप वर काढावाच लागेल. तोवर त्या विहिरीत बादली सोडू नका.