मदत हवी आहे: विंडोज 10 चं दुकान, श्री-लिपीच्या जुन्या पत्रिका आणि माझ्याकडे साठलेली लोकांची आधार कार्डं

नमस्कार मंडळी,

कोल्हापुरात मिरजकर तिकटीजवळ आमचं झेरॉक्स, टायपिंग आणि लग्नपत्रिकांचं छोटं दुकान आहे. वडिलांनी टाइपरायटरवर सुरू केलं, आता मी बघतो. कॉम्प्युटर दोन. दोन्ही सहाव्या पिढीचे आय-फाइव्ह, आठ जीबी रॅम, एसएसडी टाकल्यापासून पळतात. पण विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, आणि 11 यावर बसत नाही, कारण त्याला इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम 2.0 (सुरक्षेची चिप) लागतं. ज्यांच्याकडून मशीन घेतली ते म्हणाले, "भंगारात घाला, दोन नवीन देतो." चालती मशीन भंगारात घालायला जीव होत नाही.

भाच्यानं पेनड्राइव्हवरून लिनक्स मिंट (विंडोजच्या जागी चालणारी फुकट सिस्टीम) चालवून दाखवलं. ब्राउझर, लिबरऑफिस, इनस्क्रिप्टनं मराठी, सगळं झकास. घोडं पेंड खातंय ते पत्रिकांवर. 2006 पासूनचं काम कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये, तेही श्री-लिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या फॉन्टमध्ये. त्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असतात, त्यामुळे फॉन्ट नसला की श्रीगणेशाय नमःची खिचडी होते. कोरलड्रॉ लिनक्सवर येत नाही. लिनक्सवर चालणाऱ्या इंकस्केप या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये एक फाइल उघडून बघितली. गणपती आला, मोर आले, वधू-वर मात्र ओळखू येईनात.

युनिकोडमध्ये (ज्यात मराठी कुठल्याही मशीनवर वाचता येते) नवीन कर, असं कुणीतरी म्हणणारच. नवीन कामं तशीच करतो. पण पत्रिकेचं गिऱ्हाईक "थोरल्याच्या लग्नात होती तश्शीच पाहिजे, नुसती नावं बदला" म्हणून येतं, त्याला काय सांगू?

आता जे खरं टोचतंय ते. परवा डाउनलोडचा फोल्डर साफ करायला बसलो तर चार हजारांवर फायली. आधार, पॅन, सातबारा, मार्कलिस्ट, पासबुकाचं पहिलं पान, एका बाईंचे दवाखान्याचे रिपोर्ट. लोक व्हॉट्सअॅपवर पाठवतात, प्रिंट घेतात, पैसे ठेवतात आणि जातात. पुसून टाका असं आजवर एकानंही सांगितलेलं नाही, आणि मलाही कधी सुचलं नाही. मोठ्या कंपन्या आपली माहिती गोळा करतात म्हणून चहाच्या गाड्यावर मी तावातावानं बोलतो, आणि निम्म्या मंगळवार पेठेची आधार कार्डं माझ्याच मशीनवर, पासवर्ड 1234! त्यात आता त्या मशीनला सुरक्षा अपडेटही नाहीत.

13 ऑक्टोबर 2026 पर्यंत जादा अपडेट घेता येतात हे वाचलंय. पण त्यासाठी मायक्रोसॉफ्टचं खातं जोडावं लागतं. फोनला गुगलचं खातं आहेच की, मग इथं काय अडतंय, असं भाचाच विचारतो. फोनमध्ये जे आहे ते माझं आहे. दुकानाच्या मशीनवर जे आहे ते दुसऱ्यांचं आहे. (चुकत असेन तर सांगा.)

तर एकच मशीन विंडोजवर ठेवून दुसरी मिंटवर न्यावी का? आणि दुकानात येणाऱ्या कागदांचं तुम्ही काय करता?

---

रंकाळ्याचा_वारा: दादा, दोन मशीन आहेत हे बरं आहे. कोरलच्या मशीनची नेटची वायर काढा, वायफायही बंद करा. तिला नेट लागतंय कशाला? दुसरीवर मिंट टाका आणि व्हॉट्सअॅप, मेल, ऑनलाइन फॉर्म सगळं तिच्यावर. मिंट 22 ला 2029 पर्यंत अपडेट आहेत. टाकताना डिस्क एन्क्रिप्ट करायचा (पासवर्डशिवाय फायली वाचता येऊ नयेत असा) पर्याय येतो, तो निवडा, आणि पासवर्ड 1234 नको ओ! गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह कोरलच्या मशीनला कधीच लावायचा नाही. मात्र इन्स्टॉल करायच्या आधी मिंट पेनड्राइव्हवरूनच चालवून प्रिंट काढून बघा. काही जुन्या लेझर प्रिंटरना लिनक्सचा ड्रायव्हर सरळ मिळत नाही.

शाईपेन: माझं पण झेरॉक्सचंच दुकान, इचलकरंजीत. फोनवरचं ऑटो-डाउनलोड बंद केलंय. दुकानाच्या नंबरवर 24 तासांत मेसेज जाणारा पर्याय लावलाय, पण डाउनलोड केलेली फाइल त्यानं जात नाही, ती हातानंच पुसावी लागते. शटर ओढायच्या आधी फोल्डर आणि रिसायकल बिन दोन्ही रिकामे. पहिले आठ आकडे झाकलेलं मास्क्ड आधार आधारच्याच वेबसाइटवरून मिळतं, तसा बोर्ड पण लावलाय. तरी दहातले नऊ जण "साहेबांना पूर्ण नंबरच लागतो" म्हणतात. मग काय, देतो काढून.

कोरडा_रस्सा: लई विचार करालाय राव. आपली माहिती कधीच सगळीकडं पोचलीय. मशीन बंद पडंपर्यंत चालवा की गप.

तिकटीवाला (धागाकर्ता): @कोरडा_रस्सा, गल्लीत चोऱ्या होतात म्हणून आपण कडी काढून झोपायचं व्हय? उद्या त्या बाई दारात येऊन विचारतील तेव्हा मला गप बसता येणार नाही.

@शाईपेन, मास्क्ड आधारचा बोर्ड आजच लावतो. @रंकाळ्याचा_वारा, सांगितलंत तसं रविवारी करून बघितलं. मोठा प्रिंटर मिंटवर लगेच चालला, छोटा लेझर नाही. तो कोरलच्या मशीनलाच ठेवतो. फोल्डर रिकामा केला, चार वर्षांपूर्वीचे कागदही त्यात होते.

आता एकच राहिलं. जुना मजकूर श्री-लिपीतून युनिकोडमध्ये बदलताना ऱ्हस्व वेलांटी आणि रफार जागा सोडतात. जुन्या फॉन्टमध्ये वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार नंतर टाइप व्हायचा, म्हणून होतंय हे कळतं. पण काल "सूर्यकांत" तपासताना अर्धा तास गेला, आणि अशा सहाशे पत्रिका आहेत. हे दोन्ही नीट बसवणारा कन्व्हर्टर कुणी स्वतः वापरलाय का? नेटवर मजकूर न चढवता, मशीनवरच चालणारा पाहिजे. त्यात लोकांचे पत्ते आणि मोबाइल नंबर आहेत.