मदत हवी आहे: कापडी बाहुलीची मान ताठ कशी ठेवायची? (आणि आठ महिन्यांच्या बाळासाठी कशी बाहुली करावी?)

नमस्कार. वर्षभरापासून मी ओळखीतल्या लहान मुलांना भेट द्यायला कापडी बाहुल्या शिवते आहे. पाच झाल्या. कपडे शिवायची सवय जुनी आहे, मशीनही आहे, पण बाहुलीचं शिवण वेगळंच आहे. कपड्यात जी टीप वर्षानुवर्षं टिकते ती आत भरण ठासलं की आठवड्यात ताणली जाते.

ताईच्या मुलीला तिसऱ्या वाढदिवसाला दिलेली बाहुली साधारण ३५ सेंमी उंच आहे. अंगाला टी-शर्टचं सुती होजिअरी कापड, आत पॉलिस्टर फायबर, डोळे आणि तोंड भरतकामाचं, केस लोकरीचे. दिली तेव्हा मान ताठ होती. तीन आठवड्यांनी गेले तर डोकं एका खांद्यावर कलंडलेलं. भाचीची मात्र काहीच तक्रार नव्हती. तिला आठ महिन्यांचा धाकटा भाऊ आहे. तो अगदी लहान होता तेव्हा घरात तिला सतत "मान सावरून धर" असं सांगितलं जायचं. ती बाहुलीला हुबेहूब तसंच उचलते. एक हात पाठीखाली, दुसऱ्या हाताची बोटं पसरून मानेखाली. मला म्हणाली, "मावशी, हिने अजून मान धरली नाहीये."

ते ऐकून मला गहिवरून आलं, आणि त्याच वेळी शिवण कच्चं राहिल्याचं वाईटही वाटलं. घरी आल्यावर त्याच मापाची माझी नमुन्याची बाहुली उसवून पाहिली. डोक्यातलं फायबर वर सरकलेलं, धडातलं खाली बसलेलं, आणि मधे मानेत बोट जाईल एवढी पोकळी. मी डोकं खालून भरते आणि धड पाठीकडून, म्हणजे मानेत दोन्हीकडचं भरण नुसतं टेकतं, एकजीव होत नाही. एवढं समजलं, पण उपाय नीट सुचत नाही. काहींनी आत तार किंवा काडी घालायला सांगितलं. मुलं बाहुलीवर बसतात, तिला उशाशी घेऊन झोपतात, म्हणून ते मला नको वाटतं.

दुसरी अडचण केसांची. लोकरीचे सुटे धागे मी टाळूवर शिवले होते. धाकट्याने एक ओढून काढला आणि तोंडात घातला. ताईने वेळेवर पाहिलं. चांगला वीतभर लांब होता. त्या दिवशीच मी सगळे केस कातरले, आता बाहुलीचं डोकं उघडं आहे. भाचीला केस हवे आहेत.

कपड्यांचंही विचारायचं आहे. फ्रॉकला मागे टिचबटणं लावली होती. तिच्या बोटांत ती दाबायची ताकद नाही, त्यामुळे दर पाच मिनिटांनी बाहुली आईकडे जाते. तिला स्वतःला घालता-काढता येतील असे कपडे हवेत, कारण तिचा सगळा खेळ तोच आहे.

आणि आता धाकट्यासाठीही एक करायची आहे. एवढ्या लहान बाळासाठी मी अजून काही केलेलं नाही, त्यामुळे काय टाळायचं ते कृपया सविस्तर सांगा.

शेवटचं: भाचीची बाहुली उसवायची तर तिच्यासमोर की तिच्या नकळत? हा प्रश्न मला बाकी सगळ्यांपेक्षा अवघड वाटतो आहे.

प्रतिसाद:
तार घालत नाही हे फार चांगलं करता. वाकून वाकून ती एक दिवस तुटते आणि टोक कापडातून बाहेर येतं.

मानेत फायबर भरूच नका. होजिअरी कापडाची दहा-बारा सेंमी रुंद पट्टी घेऊन तिची घट्ट वळकटी करा, कडेला टाके घालून पक्की करा. ही वळकटी अर्धी डोक्यात आणि अर्धी धडात गेली पाहिजे. आधी डोकं भरायचं, अंगठ्याने दाबलं तर अंगठा परत ढकलला जाईल इतकं दाट. मग त्यात वळकटी खुपसायची आणि तिच्याभोवती थोडं थोडं फायबर काडीने ठासत जायचं. फायबरचा मोठा गोळा एकदम कोंबला की आत गाठी होतात आणि मधे पोकळ्या राहतात. चिमूट चिमूट घ्यावं, पिंजून घ्यावं. या कामाला मला पूर्ण संध्याकाळ लागते आणि ती लागू द्यावी.

कापड कसं कापलं होतं तेही तपासा. होजिअरी एका दिशेला जास्त ताणतं. तो ताण अंगाभोवती आडवा यायला हवा. उभा आला तर मान लांबत जाते आणि कितीही भरलं तरी सैल पडते. टीपही बारीक हवी, टाका दोन मिलिमीटरपेक्षा मोठा नको, आणि मानेला-काखेला दुहेरी. वळणावर कात्रे देताना टिपेच्या अगदी जवळ जाऊ नका. माझी पहिली बाहुली काखेत तिथेच उसवली होती.

दुरुस्तीसाठी सगळं उसवायची गरज नाही. मानेच्या मागे, केसांच्या रेषेखाली पाच-सहा सेंमी उसवा, वळकटी तिथून बसते. बंद करताना सुई दोन्ही कडांच्या आतून आळीपाळीने न्यायची आणि चार-पाच टाक्यांनी एकदा दोरा ओढायचा, म्हणजे शिवण आत लपते.

प्रतिसाद:
धाकट्याच्या बाहुलीबद्दल लिहिते, कारण खरी काळजी तिथेच आहे. आणि मोठीची बाहुलीही त्याच घरात लोळते, म्हणून दोघींना नियम धाकट्याचेच लावा.

तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांसाठी सुट्या भागांची एक ठरलेली चाचणी असते. ३१.७ मिमी व्यासाच्या एका नळकांड्यात जो भाग पूर्ण मावतो तो घशात अडकू शकतो असं धरतात. घरी एवढं मोजत बसण्यापेक्षा बटण, मणी, घुंगरू, लोकरीचा गोंडा, प्लॅस्टिकचे डोळे, यांतलं काहीच लावू नका. वॉशरवाले 'सेफ्टी' डोळे (कापडाच्या मागून चकती दाबून बसवलेले प्लॅस्टिकचे डोळे) कापड फाटलं की कापडासकट निघतात. डोळे भरतकामाचेच हवेत आणि दोऱ्याची गाठ आत, भरणात ओढून घ्यावी. चुंबक आणि बटणाएवढे सेल तर खेळण्यात घालूच नका. गिळलेला सेल दोन तासांत अन्ननलिका भाजू शकतो, आणि दोन चुंबकं पोटात गेली तर आतड्याच्या भिंती मधे धरून एकमेकांना चिकटतात. नाड्या आणि फितीही नकोत.

आकार साधा ठेवा. २५ सेंमीचा मऊ कापडाचा चौकोन, मधे लहानसं डोकं, आणि चार कोपऱ्यांना कापडाचीच घट्ट गाठ. बाळ ती गाठ चावत बसतं. डोकं अगदी दाट भरू नका, त्याला मुठीत पकडता आलं पाहिजे. कापड कापण्याआधी दोनदा धुऊन घ्या. गडद रंग असेल तर ओल्या पांढऱ्या फडक्याने चोळून पाहा. रंग उतरला तर ते कापड बाजूला ठेवा, लाळेने तो उतरणारच. आत फायबरच भरा. कापूस धुतल्यावर गोळा होतो आणि आतून दिवसेंदिवस वाळत नाही. झोपताना मात्र बाहुली पाळण्यात नको. बाळ वर्षाचं होईपर्यंत झोपायच्या जागी मऊ खेळणी ठेवू नयेत असं बालरोगतज्ज्ञ सांगतात.

आणि एक सवय लावून घ्या. शिवायला बसताना टाचण्या मोजून घ्यायच्या, उठताना पुन्हा मोजायच्या. बाहुली पूर्ण झाली की मी तिच्या अंगावरून सावकाश चुंबक फिरवते आणि मग ते उंच कपाटात ठेवते. एकदा पोटाजवळ चुंबक हलकंसं ओढलं गेलं. आत मोडक्या सुईचं टोक होतं. ती बाहुली दुसऱ्या दिवशी एका बाळाकडे जाणार होती.

प्रतिसाद:
केसांना टोपीसारखं क्रोशाचं विणकाम करा. मॅजिक रिंगपासून (ओढून घट्ट होणाऱ्या दोऱ्याच्या कड्यापासून) सुरुवात, मुके खांब (क्रोशाचे आखूड, दाट टाके), आणि सुई नेहमीपेक्षा एक नंबर बारीक, म्हणजे भोकं राहत नाहीत. कडेने दोन फेऱ्या शिवा, मग टाळूवरही जागोजागी टाके घाला. अंबाडा हवा असेल तर त्याच दोऱ्याने विणून सगळीकडून पक्का शिवायचा.

कपडे पायाकडून चढतील असे करा. बाहुलीचं डोकं कमरेपेक्षा मोठं असतं, त्यामुळे डोक्यातून घालायचा फ्रॉक छोट्या हातांना जमत नाही. नेफ्यात इलास्टिक घातलेला घागरा किंवा पायजमा तिला पहिल्याच दिवशी जमेल. वर पुढून उघडं जाकीट, बाही रुंद आणि आखूड. वेलक्रो लावलात तर खरखरीत बाजू वरच्या पदराला आतून लावा, नाहीतर ती केसांना धरते. हाताला वेगळा अंगठा शिवला असेल तर बाही तिथेच अडकते, पुढच्या बाहुलीला हात मिटल्या मुठीसारखे करा.

उसवण्याबद्दल माझं मत: नकळत करू नका. तिने ती मान तीन आठवडे सांभाळली आहे. तिला विचारा.

धागाकर्ती:
तिघींचे मनापासून आभार. काल वळकटी करून नमुन्याच्या बाहुलीत बसवली, मान उभी राहिली. मग ताईकडे जाऊन भाचीला विचारलं. ती बराच वेळ बाहुलीकडे बघत राहिली, मग धाकट्याकडे बोट करून म्हणाली, "याने धरली ना मान, आता हिची धरू दे." सुई लावली तेव्हा बाहुलीचा हात तिच्या हातात होता. शिवून झाल्यावर तिने बोटं मानेखाली घातली, काढली, परत घातली. रात्री झोपताना बोटं पुन्हा तिथेच होती असं ताईने कळवलं.

केसांची टोपी अर्धी विणून झाली आहे. एक शंका राहिली: जाकिटाची बाही अंगालाच जोडून एकसंध कापली तर काखेत कापड चुरगळतं. तिथे तिरकस तुकडा लावावा, की वेगळी बाही शिवावी?