पीएचडीआधीची शोधनिबंधाची सक्ती गेली, बरं झालं!

नदीकाठ
2016 च्या नियमांनुसार प्रबंध दाखल करण्याआधी एक शोधनिबंध आणि परिषदांमधली दोन सादरीकरणं लागायची. यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, नोव्हेंबर 2022 मध्ये ही अट काढली. मी तर म्हणतो, सुटलो. आमच्या वेळी परिषदेची फी भरायची, निबंध मेल करायचा, की आयएसएसएनवाला, म्हणजे नियतकालिकाचा ओळख क्रमांक छापलेला, विशेषांक हातात. माझ्या तसल्या एका निबंधात तळटीपा मजकुराच्या मधोमध घुसल्यात. आजवर कुणाला दिसलं नाही, संपादकांनाही नाही.

कोरा कागद
असहमत. माझा पहिला निबंध पेशवाईतल्या देवस्थानांच्या खर्चावर होता. तो परत आला, सोबत परीक्षकाची साडेतीन पानं. पहिलाच प्रश्न: "मोडी कागद स्वतः वाचलेत, की सरदेसाईंनी संपादित केलेल्या पेशवे दप्तराच्या छापील खंडांवरच भागवलंय?" भागवलंच होतं. दोन महिने नुसती चिडले, मग मूळ कागद जिथे ठेवलेत त्या पुणे पुराभिलेखागारात जाऊन बसले. मला हवे होते ते जमाखर्चाचे कागद छापील खंडांत नव्हतेच! अर्धा निबंध मोडून पुन्हा लिहिला. सक्ती नसती तर मी तो कुठे पाठवलाच नसता.

नदीकाठ
तुम्हाला वाचणारा परीक्षक मिळाला हो. मराठीत लिहिणाऱ्या किती जणांना मिळतो?

तासिका क्र. 6
दोघंही कायम नोकरीत दिसताय. अट प्रबंधापुरती गेली, नोकरीपुरती नाही. यूजीसीच्या 2018 च्या नियमावलीत विद्यापीठातल्या सहायक प्राध्यापकपदाच्या छाननीला प्रत्येक निबंधाचे 2 गुण आहेत, कमाल 10. म्हणजे पाच निबंध पाडायचे. मी तासिका तत्त्वावर दोन कॉलेजांत शिकवतो, मधला वेळ एसटीत. पुराभिलेखागार उघडं असतं तेव्हा मी वर्गात असतो, ताई.

कोरा कागद
हे मान्य. पण म्हणून विशेषांकात टाकायचं? केअर यादी, म्हणजे यूजीसीची मान्य जर्नलांची यादी, होती तोवर निदान बोगस जर्नल ओळखता यायचं. तीही बंद केल्याचं यूजीसीने फेब्रुवारी 2025 मध्ये जाहीर केलं.

नदीकाठ
त्या यादीत शिरलेली बनावट जर्नलंही होती, ते सोयीस्कर विसरताय.

तासिका क्र. 6
तुमचं चालू द्या. मला विशेषांकवाल्यांचा कालच मेसेज आलाय, शुक्रवारपर्यंत पाठवा म्हणून. ताई, त्याआधी एकदा नजर टाकाल का? बारा पानं आहेत.

कोरा कागद
पाठवा. पण शुक्रवार विसरा.