उन्हाइतकाच थंडीचाही विचार करावा

मार्चअखेरीस भाड्याची आरव्ही (आत राहण्याची सोय असलेली मोठी गाडी) घेऊन ॲरिझोनातील फिनिक्सच्या मावशींकडून ग्रँड कॅन्यनमार्गे न्यू मेक्सिकोतील अल्बुकर्कीच्या भावाकडे जाण्याचा जो बेत आपण मांडला आहे, त्यात वाळवंटाच्या उन्हाची तयारी दिसते, थंडीची मात्र नाही. फिनिक्स सुमारे १,१०० फुटांवर आहे, तर वाटेतले फ्लॅगस्टाफ जवळजवळ ७,००० फुटांवर. त्यामुळे दुपारी एसी आणि रात्री हीटर असा प्रकार एकाच दिवशी घडू शकतो. फ्लॅगस्टाफला बाहेरच्या नळाचे पाणी गाडीत आणणारी आमची नळी रात्रीत गोठून काठीसारखी ताठ झाली होती आणि सकाळचा चहा बाटलीतल्या पाण्यावर करावा लागला. तेव्हापासून आम्ही टाकी भरून घेऊन नळी संध्याकाळीच काढून ठेवतो.

ॲरिझोना उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही, पण न्यू मेक्सिको करते आणि ॲरिझोनातील नावाहो या आदिवासी जमातीचा प्रदेशही करतो. तेव्हा भावाला जेवणाची वेळ कळवताना ती कोणाच्या घड्याळाची, तेही सांगावे (आमच्या वहिनींनी तासभर आधीच पोळ्या केल्या होत्या). मावशींच्या वसाहतीचे नियमही आधी विचारून घ्यावेत, कारण फिनिक्सच्या अनेक वसाहतींत दारासमोर आरव्ही रात्रभर उभी करू देत नाहीत.