घंटागाडीत सगळं एकत्रच जातं, मग वेगळं करायचं कशाला?

खानावळवाली:
मंडळी, तळकोकणात किनाऱ्यालगत माझी छोटी खानावळ आहे. (गाव सांगत नाही, मुकादम ओळखीतला आहे.) दिवाळीपासून तीन बादल्या ठेवल्यात: ओला, सुका आणि पॅड-डायपर-ब्लेडची वेगळी. कामाच्या बायांना समजावून घसा बसला. परवा घंटागाडीमागे चालत गेले, तर आतला मधला पत्रा काढूनच टाकलेला! बांगड्याची मुंडकी, दुधाच्या पिशव्या, सगळ्याचा काला. तो तसाच डेपोवर जातो, उन्हाळ्यात पेटतो आणि धूर आमच्या खळ्यात.

रोजचा ओला बारा-पंधरा किलो, निम्मी मासळीची घाण. ड्रममध्ये खत करून पाहिलं. जुलैत अळ्या आणि काळं पाणी. शेजारच्या काकू अजून नाकाला पदर लावून बोलतात. तुम्ही काय करता? आणि शहरांत खरंच काही होतंय की नुसत्या भिंती रंगवल्यात?

वेंगुर्लेकर:
ताई, आमच्याकडे झालंय. पूर्वी डेपोजवळून जाताना आम्ही श्वास धरायचो, आता तिथे बाग आहे आणि शाळांच्या सहली येतात. तेव्हाचे मुख्याधिकारी रामदास कोकरे यांनी 2015 नंतर मागे लागून करून घेतलं. ओल्यापासून बायोगॅस, पाल्यापाचोळ्याचा कांडी कोळसा, प्लास्टिकचे तुकडे डांबरी रस्त्यात. कोळशाचं कौतुक सगळे करतात, पण मेख गाडीच्या दारात होती: एकत्र केलेला कचरा उचलायचाच नाही. सुरुवातीला लोकांनी शिव्या घातल्या, आमच्या घरानेही.

इंदूरचा जावई:
सासुरवाडीला गाडीत ओल्या-सुक्याचे कप्पे वेगळे असतात, चुकीच्या कप्प्यात टाकलं तर बाई तिथेच ओरडते. (मी ओरडा खाल्लाय.) तिथल्या देवगुराडिया डेपोवरचा कचऱ्याचा जुना ढीग त्यांनी चाळून मोकळा केला, आणि 2022 पासून तिथे रोज 550 टन ओला कचरा घेणारा बायोसीएनजी (कचऱ्यापासून गाड्यांचा गॅस) प्रकल्प आहे. ओल्यात प्लास्टिक गेलं की असलं यंत्र अडतं, म्हणून एवढी आरडाओरड. तुमचा पत्रा कोणी काढला ते लेखी विचारा. घनकचऱ्याच्या नियमांत वर्गीकरण जसं आपल्यावर बंधनकारक आहे, तसं वेगळं वाहून नेणं त्यांच्यावर. रोज 100 किलोच्या वर कचरा करणाऱ्या हॉटेलांचे नियम अजून कडक आहेत, तुम्ही त्यात येत नाही.

माडाखालची आजी:
गो बाय, ता लेखी-बिखी कर, पण मासळी ड्रमात कित्याक घालतंस? पावसात कुजतलीच. आमची आवस माडाच्या आळ्यात हातभर खड्डो मारी. आतडी-खवलां आत, वर चुलीची राखाडी, मग टोपलीभर सुको पातेरो, म्हंजे पालो-पाचोळो, मग माती. कुत्रे उकरतत म्हणान वर माडाच्या झावळांचे जाड पिडे आडवे. दर दिसा दुसरो माड.

आणि पातेरो एप्रिलातच पोत्यात भरून पडवीत ठेव. पावसात खंय गावतलो?

खानावळवाली:
आजी, पातेरा! मी नुसती मासळी आणि भाताचं पाणीच ओतत होते ड्रममध्ये. पिडे ढीगभर पडलेत, माड अकरा आहेत. अर्ज उद्या देते, पोचही घेते. कोलंबीची सालं चालतील ना?

माडाखालची आजी:
चालतत. फक्त मिठाची नको.