केळी भावाची वेबसाइट सकाळी उघडतच नाही, मोजायला कुठून सुरुवात करू?

रावेर_बागाईत:
नमस्कार मंडळी. आम्ही तिघं मिळून रावेर, यावल, सावदा भागातल्या शेतकऱ्यांसाठी एक वेब अ‍ॅप चालवतो. रोजचा बोर्ड भाव, बऱ्हाणपूरचा भाव आणि माल कापायची नोंदणी, एवढंच. सकाळी भाव टाकला की सगळे एकदम उघडतात आणि पान पांढरंच राहतं, मग लोक फोन करून विचारतात आज भाव निघाला का नाही. माझ्या लॅपटॉपवर लाइटहाउसचा (गुगलचं पानाचा वेग तपासायचं साधन) स्कोर 100 पैकी 92 येतोय, मग बांधावर उभ्या माणसाला का दिसत नाही? एक जण म्हणतोय रिअ‍ॅक्ट (पान बनवायची जावास्क्रिप्ट लायब्ररी) काढून सगळं नवीन लिहू, दुसरा म्हणतोय मोठा सर्व्हर घेऊ. मला वाटतं आधी मोजावं, पण काय मोजू?

तापीकाठ:
बरोबर वाटतंय तुम्हाला, आधी मोजाच. ते 92 तुमच्या लॅपटॉपचं आणि तुमच्या वायफायचं आहे भो, शेतकऱ्याच्या स्वस्तातल्या फोनचं नाही. गुगलची वेब-व्हायटल्स नावाची छोटी लायब्ररी मिळते ती टाका, खऱ्या लोकांच्या फोनवरची मापं तुमच्याच सर्व्हरवर पाठवा. पानावरचा मुख्य मजकूर 2.5 सेकंदांत दिसला पाहिजे, ते एलसीपी. बटण दाबल्यावर 200 मिलिसेकंदांत हालचाल दिसली पाहिजे, ते आयएनपी, मार्च 2024 पासून एफआयडी या जुन्या मापाच्या जागी हेच धरतात. दोन्ही 75 टक्के भेटींमध्ये जमले पाहिजेत. सरासरी काढू नका, नऊ जणांना एका सेकंदात उघडलं आणि दहाव्याला वीस लागले तरी सरासरी 2.9 येते आणि आपल्याला वाटतं सगळं ठीक चाललंय.
अजून एक, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. पान उघडायच्या आधीच कंटाळून जो बंद करतो त्याचं माप येतच नाही. म्हणून सर्व्हरच्या लॉगमध्ये किती रिक्वेस्ट आल्या आणि मापं किती आली, हे रोज जुळवून बघा. तफावत मोठी असेल तर खरा त्रास तिथे आहे.

भुसावळ_अप_डाउन:
वरच्या दादांचं पटतं, पण फक्त सकाळीच अडकतं म्हणजे मला डेटाबेसचा संशय जास्त. सर्व्हरकडून पहिला बाइट यायला किती वेळ लागतो ते तासानुसार काढा, 0.8 सेकंदाच्या आत पाहिजे. दुपारी कमी आणि सकाळी जास्त निघाला तर रिअ‍ॅक्टचा काही दोष नाही. स्लो क्वेरी लॉग चालू करा, म्हणजे डेटाबेसला विचारलेली कुठली क्वेरी रेंगाळते ते दिसेल. आमच्या कापूस टोकनच्या अ‍ॅपमध्ये 400 नावांच्या यादीसाठी प्रत्येकाचं गाव वेगळ्या क्वेरीने येत होतं, म्हणजे 401 क्वेरी! एक जॉइन लावला, म्हणजे नावं आणि गावं एकाच क्वेरीत आणली, आणि सुटलो. आणि मुळात भाव दिवसातून एकदाच बदलतो ना, मग प्रत्येकासाठी डेटाबेसला कशाला विचारायचं, भाव टाकला की त्याचं साधं एचटीएमएल पान बनवून सीडीएनवर (तयार पान जवळच्या सर्व्हरवरून देणारी सेवा) ठेवा.

रावेर_बागाईत:
चार दिवस मोजलं. पहिला बाइट सकाळी 4 सेकंद, दुपारी 0.3. म्हणजे भुसावळवाल्या भाऊंचं खरं निघालं. पण दुपारी सुद्धा एलसीपी 5 सेकंदांच्या खाली येत नाही. जावास्क्रिप्ट 640 केबी जातंय, निम्मं मागच्या वर्षीच्या भावाच्या आलेखाचं. मराठी फॉन्टच्या चार फाइल वेगळ्याच.

तापीकाठ:
दुपारचं दुखणं वेगळं आहे, ते फोनकडचं. आलेख कोणी मागेल तेव्हाच लोड करा. फॉन्टची एकच जाडी ठेवा, वूफ2 या दाबून लहान केलेल्या फॉरमॅटमध्ये, आणि फॉन्ट यायच्या आधी फोनचा स्वतःचा फॉन्ट दिसू द्या म्हणजे आकडा तरी लगेच वाचता येईल. सबसेट करताना, म्हणजे नको ती अक्षरं काढून फॉन्ट लहान करताना, सांभाळा, जोडाक्षरांचे नियम उडाले तर क्ष, त्र, र्‍य सगळे तुटून दिसतात, मी एकदा तसंच लाइव्ह केलं होतं आणि रात्री परत काढावं लागलं. आणि भावाचं साधं पान आणि हे फोनकडचे बदल एकाच दिवशी नका करू, नाहीतर कशाने फरक पडला ते कळणार नाही.

रावेर_बागाईत:
ठरलं, उद्या फक्त भावाचं साधं पान. दोन सकाळी मोजतो, मग आलेख आणि फॉन्ट. मोठा सर्व्हर तोपर्यंत थांबवलाय, मित्राला पण आकडे दाखवल्यावर पटलं. शनिवारी इथेच नवीन मापं टाकतो.